शेवटच्या पंगतीतला जनू जॉबर

आमच्या घरी दुपारी दीड वाजता जेवण होतं आणि तेवढा वेळ दुकानाचं शटर अर्ध्यावर असतं. गिऱ्हाईक वाकून आत डोकावतं, "मेडिकल बंद है क्या?" म्हणून विचारतं आणि मी आतल्या खोलीतून सांगतो, "आधा घंटा रुको." भिवंडीच्या धामणकर नाक्यावर औषधाचं दुकान असलेला माणूस ऐन धंद्याच्या वेळी अर्धा तास शटर ओढतो, म्हणजे त्याचं काहीतरी बिनसलंय, असं शेजारच्या मोबाइलवाल्याचं मत आहे. असू दे. त्या अर्ध्या तासात मी, माझी बायको शालन आणि मुलगी असे तिघं एकदम खाली बसतो, आणि शालनने स्वतःच्या ताटात वाढून घेतल्याशिवाय कुणी घासाला हात लावत नाही.

हा नियम माझ्या आईने घातला नाही, वडिलांनी तर नाहीच. तो घातला जनू जॉबरने. तो आमच्या नात्यातला नव्हता, गावचाही नव्हता. आणि त्या माणसाला स्वतःला आठ वर्षं धड घास गिळता येत नव्हता.

जनार्दन त्याचं नाव, पण जनार्दन म्हणून कुणी हाक मारली असती तर त्याने मागे वळून पाहिलं नसतं. तो भिवंडीजवळच्या पूर्णा गावचा. भावांनी आपापल्या वाट्याच्या जमिनी गोदामांना दिल्या आणि दुमजली बंगले बांधले. जनूने आपला तुकडा दिला, पण काम सोडलं नाही. पॉवरलूमच्या कारखान्यात जॉबर असतो, म्हणजे बिघडलेली लूम पुन्हा चालती करणारा मिस्त्री. भिवंडीत असे जॉबर चिक्कार, पण जनूला लांबलांबून बोलावणी यायची, कारण तो बिघाड कानाने शोधायचा. शकूरभाईंच्या कारखान्यात चोवीस लूम एकाच वेळी खडखडतात. तिथे शेजारच्याशी बोलायचं तर हातवारे करावे लागतात. जनू दारात उभा राहायचा, डोळे मिटायचा आणि बोट उचलून म्हणायचा, "मागच्या रांगेत तिसरी. धोटा उशिरा पोचतोय." धोटा म्हणजे आडवा धागा घेऊन इकडून तिकडे धावणारी लाकडी नळी. जाऊन बघावं तर तिसऱ्याच लूमचा धोटा अडखळत असायचा.

'मला वाटतं' हे शब्द या माणसाच्या तोंडातून मी कधी ऐकले नाहीत. त्याला वाटायचं नाही, ठाऊक असायचं. पाऊस कधी लागणार, निवडणुकीत कोण पडणार, माझ्या मुलीने दहावीनंतर काय घ्यावं, सगळं ठाऊक. एकदा माझ्या दुकानाची पाटी वाकडी आहे म्हणून तो स्वतः स्टूल घेऊन चढला आणि अशी नीट करून दिली की तिसऱ्या दिवशी ती खाली आली. मी सांगितलं तर म्हणाला, "भिंत वाकडी हाय तुजी." प्रत्येक व्याख्यानाच्या शेवटी त्याचं एक पालुपद असे, "बगतोस ना, मेडिकल?" माझं नाव त्याने कधी घेतलं नाही, मी त्याच्या लेखी मेडिकल. आणि मी गोळ्यांच्या पट्ट्या कापत, मान वर न करता म्हणायचो, "बघतोय, जनूदादा."

साधारण नव्याण्णव सालापासून त्याचा घास अडकायला लागला. छातीच्या हाडामागे, बरोबर मधोमध. भाकरीचा तुकडा घशाखाली उतरायचा आणि तिथे जाऊन बसायचा. दुसऱ्या कुणाला झालं असतं तर तो डॉक्टरकडे गेला असता. पण जनूकडे उत्तर आधीच तयार होतं, आणि ते उत्तर भिवंडीतच तयार होऊ शकतं. कारखान्यात रुईचे तंतू सतत उडत असतात. संध्याकाळपर्यंत माणसाच्या भुवया पांढऱ्या होतात. म्हणून लूमवरचा प्रत्येक माणूस गूळ खातो. गूळ खाल्ला की नाकातोंडात गेलेली रुई घशातून खाली जाते, असं मानतात. शकूरभाई नव्या कामगाराला पहिल्या दिवशी लूम दाखवायच्या आधी गुळाचा खडा देत. "गुड़ खा लो, रुई नीचे बैठ जाएगी."

"वीस वरसा रुई गिलतोय मी," जनू मला सांगायचा. "तिचा गोला झालाय हितं. गूल त्याला खाली लोटतो. बगतोस ना?"

मग त्याच्या शर्टाच्या खिशात कायम गूळ. खुंटीला टांगलेल्या शर्टापर्यंत मुंग्यांची रांग लागायची. गूळ तोंडात विरघळवून वर गरम पाणी प्यायलं की त्याला खरंच जरा मोकळं वाटायचं, आणि तेवढ्यावर त्याची खात्री पटलेली होती. मी हसायचो. मी शिकलेला ना. औषधशास्त्राची पदविका काचेच्या चौकटीत लावून बसलेला. मी त्याला ठणकावून सांगायचो, "रुई-बिई काही नाही, गॅस आहे तुला." आणि गुलाबी औषधाची बाटली पुढे करायचो. तो गुळाच्या बाजूने भांडायचा, मी गुलाबी बाटलीच्या. असे आम्ही कित्येक वर्षं भांडलो आणि दोघंही सारखेच चुकत होतो.

एकदा तो सहज बोलून गेला, "कवा कवा खाल्लेला परत वर येतो. पन आंबट न्हाय लागत. जसा खाल्ला तसाच." हे ऐकून माझे कान टवकारायला हवे होते. जे आंबट नाही ते पोटापर्यंत पोचलेलंच नाही, हे कळायला पदविकासुद्धा लागत नाही. मी काय केलं? पोटातलं आम्ल कमी करणारी आणखी जोरदार गोळी दिली.

त्याचं जेवण बघण्यासारखं होतं, पण ते बघायला तो कुणाला देत नसे. माझ्या दुकानामागे त्याने दोनतीनदा डबा खाल्ला म्हणून मला माहीत. दोन घास झाले की तांब्यातलं अर्धं पाणी पोटात. मग उठून उभं राहायचं, पाठ ताठ करायची, दोन्ही हात डोक्यावर न्यायचे, मोठा श्वास ओढून तो दाबून धरायचा. थोड्या वेळाने चेहरा सैल पडायचा. "बसला खाली," तो म्हणायचा आणि पुढचा घास घ्यायचा. एका भाकरीला पाऊण तास. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, बाबा व्यायाम करतोय.

आता असा माणूस लग्नकार्यात काय करणार? पूर्ण्याच्या लग्नात पंगतीला बसलेल्या पाहुण्याला आग्रह करून करून जेरीस आणतात. तिथे दोन घासांनंतर उभं राहून हात वर करायचे? जनूने त्यावर तोड काढली होती, ती अशी की तो वाढपी झाला. भाताचं पातेलं त्याच्या हातात, आवाज मांडवाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. "भात गरम हाय, हात मागं घ्या." कुणाच्या ताटात काय संपलंय हे त्याला लांबून कळायचं. पंचक्रोशीत त्याचं नाव झालं. जनूदादा असला की पंगत उपाशी उठत नाही, म्हणायचे लोक. लग्नाची तारीख धरताना त्याची ड्युटी विचारायचे. सगळ्यांना जेवायला घालून मागून जेवणारा माणूस म्हणून त्याचं कोण कौतुक.

मागून, म्हणजे बायकांबरोबर. शेवटची पंगत ही घरच्या बायकांची. चुलीच्या अंगाला, मांडवाच्या कडेला, उरलंसुरलं पुढ्यात ओढून. जनू तिथे कोपरा धरून बसायचा. तिथे घाई नाही, आग्रह नाही, वाढायला कुणी उरलेलंच नसतं. पुढे एकदा त्याने मला कारण सांगितलं. "बायकांच्या पंगतीत कोन किती खातो, कसा खातो, कोनी बगत न्हाय. लपायला त्याच्याशिवाय बरी जागा न्हाय."

दोन हजार पाच-सहापासून तो डोळ्यांदेखत वाळायला लागला. शर्ट खांद्यावरून उतरू लागले. पट्ट्याला त्याने स्वतः खिळ्याने तीन नवी भोकं पाडली. आधी कुणी म्हणालं टीबी असेल, भिवंडीत खोकल्याशिवायसुद्धा टीबीच आठवतो. त्याने छातीचा फोटो काढून आणला आणि कारखान्यात सगळ्यांना दाखवला. फुप्फुसं स्वच्छ. मग लोकांनी दुसरा शब्द घेतला, तो त्याच्या पाठीमागे घ्यायचे. माझ्या मनात तोच शब्द होता. त्याच्याही असणार, कारण मी तपासणीचं नाव काढलं की तो गुळाचं व्याख्यान सुरू करायचा आणि मीही लगेच गुलाबी बाटलीवर यायचो. खरं सांगायचं तर आम्ही दोघं घाबरलेले होतो आणि भांडण चालू ठेवणं सोपं होतं.

मग एका सकाळी तो आला आणि काउंटरपुढच्या स्टुलावर बसला. जनू बसला म्हणजेच नवल. म्हणाला, "आज पानी पन न्हाय उतरला रं." त्याचा आवाज मी पहिल्यांदाच इतका खाली ऐकला.

आमच्या शेजारी दवाखाना आहे. तिथले म्हातारे डॉक्टर त्या दिवसांत आजारी होते आणि त्यांच्या जागी एक तरुण डॉक्टरीणबाई बसत. मी जनूला दंडाला धरून तिथे नेला. बाईंनी सगळं ऐकून घेतलं, गूळही ऐकला, गुलाबी बाटलीही ऐकली. माझ्याकडे एकदा बघितलं. मग त्यांनी जनूच्या हातात पाण्याचा पेला दिला, बरगड्यांच्या खाली, पोटाच्या वरच्या टोकाला स्टेथोस्कोपची नळी लावली आणि म्हणाल्या, "एकच घोट घ्या." घड्याळाकडे बघत त्या ऐकत राहिल्या. बराच वेळ. मग पुन्हा एक घोट. जनूने विचारलं, "काय आईकताव?"

"घोट पोटात उतरल्याचा आवाज," त्या म्हणाल्या. "आठ-दहा सेकंदांत गुळगुळ ऐकू यायला हवी. तुमची येत नाहीये."

दुसऱ्या कुणाला हे सांगून पटलं नसतं, पण हा कानाचा माणूस. त्याने हात पुढे केला. "मना आईकू द्या." बाईंनी हसून नळी त्याच्या कानात घातली. त्याने घोट घेतला, डोळे मिटले, अगदी कारखान्याच्या दारात मिटायचा तसे. काही नाही. मग तो माझ्याकडे वळला. "मेडिकल, शर्ट वर कर." मी दवाखान्यात शर्ट वर करून पाण्याचा घोट घेतला आणि जनूने माझ्या पोटाला नळी लावली. मी मनात आकडे मोजत होतो. आठावर त्याच्या भुवया वर गेल्या. त्याने पुन्हा स्वतःचं ऐकलं. मग नळी काढून टेबलावर ठेवली.

"लूम बंद हाय," तो म्हणाला. "कुठं जावाचा सांगा."

मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात त्याच्या तपासण्या झाल्या. आधी पांढरं घट्ट औषध प्यायला देऊन फोटो काढला. अन्ननलिका वर फुगलेली आणि खाली मुळ्याच्या शेपटासारखी निमुळती. आत दुर्बीण घालून पाहिलं, गाठ नव्हती. तो दुसरा शब्द त्या दिवशी गेला. मग नाकातून बारीक नळी घालून, घोट घ्यायला लावून, आतला दाब मोजला आणि त्याचा आलेख कागदावर काढला. आजाराचं नाव अ‍ॅकॅलेशिया. जनूने ते तीनदा म्हणून घेऊन पाठ केलं आणि आलेखाची झेरॉक्स काढून थेट माझ्या काउंटरवर आणून पसरली.

"आपल्याला वाटतो का घास पडतो. नळात पानी पडतो तसा. चूक," त्याने सुरुवात केली. गिऱ्हाइकं उभी होती, त्यांनाही त्याने ऐकायला लावलं. "घास पडत न्हाय, ढकलत न्यावा लागतो. स्लॅबच्या कामावर घमेला या हातातून त्या हातात जातो ना, तसा. वरचा स्नायू आवलला, की त्याच्या खालचा, की त्याच्या खालचा. आन पोटाच्या तोंडाशी दार हाय. एरवी बंद. तू घोट घेतलास का ते उघडतो. माजी मानसा हात बांधून उभी हायेत. आन दार उघडायला कोनी न्हाय."

त्याने कागदावर बोट ठेवलं. एका ओळीवर लाटेसारखी चढण यायला हवी, तिथे नुसती कंप पावणारी रेघ होती. खालच्या ओळीवर घोटाच्या क्षणी दाब उतरायला हवा, तो उतरतच नव्हता.

"लूमवर ताण्याचे, म्हंजे उभे, अर्धे धागे वर, अर्धे खाली झाले का मधी वाट उघडते. तवाच धोटा पलीकडं जातो. वाट उघडली न्हाय आन धोटा मारला तर? आदळनार. माजा घास आठ वरसा आदळतोय. डॉक्टरला मी ह्या सांगितला तर त्यानं आपल्या शिकावू पोरांना बोलवून आनला, परत सांग म्हनला. बगतोस ना, मेडिकल?"

हे कशाने होतं, असं मी विचारलं. त्या भागातल्या नसा हळूहळू मरतात, का मरतात ते डॉक्टरांनाही नीट ठाऊक नाही, असं त्याने सांगितलं. जगात कुणाला तरी काहीतरी ठाऊक नाही हे त्याने मान्य केलेलं मी तेव्हाच पाहिलं.

उपाय होता. तोंडातून फुगा खाली नेऊन, त्या दाराशी आणून फुगवला आणि दार ताणून सैल केलं. पहिल्या खेपेला थोडं राहिलं, काही महिन्यांनी दुसऱ्यांदा केलं. ढकलणारे हात काही परत येणार नव्हते. ते त्याला स्वच्छ सांगितलं होतं. घास आता आपल्या वजनाने खाली जाणार. म्हणून ताठ बसून खायचं, सावकाश चावायचं, खाऊन लगेच आडवं व्हायचं नाही. पलंगाच्या उशाखाली त्याने लूमचे लाकडी ठोकळे घातले. चार महिन्यांत पट्टा दोन भोकं सैल झाला.

मला त्याचं खरं कौतुक वाटलं ते पुढच्या गोष्टीचं. इस्पितळातून आल्यावर तिसऱ्या दिवशी तो शकूरभाईंच्या कारखान्यात गेला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "गुड़ से कुछ नहीं होता. जिसका खाना अटकता है वो डॉक्टर के पास जाए." शकूरभाई म्हणाले, "जनूभाई, कल तक तो आप ही खिलाते थे." जनू म्हणाला, "कल तक मैं गलत था." बस. गूळ खरा आहे हे ज्या आवाजात सांगायचा त्याच आवाजात, मान ताठ ठेवून. मला गुलाबी बाटलीबद्दल एवढं बोलायला पुढे बरेच दिवस लागले, आणि तेही मी त्याच्याजवळ एकट्यात बोललो. तो म्हणाला, "तुजा औषध गोड व्हता पन."

मग त्याने माझ्याकडून डॉक्टरांची ती नळी विकत घेतली. मी म्हटलं, तुला कशाला? तर म्हणाला, लूमच्या बेअरिंगचा आवाज ऐकायला. ऐकायचा तो बेअरिंगचाच, पण चहाच्या टपरीवर कुणी घासागणिक पाणी पिताना दिसला की जनू त्याच्या शेजारी जाऊन बसलाच. दोघातिघांना त्याने डॉक्टरीणबाईंकडे धाडलं. त्यांना काही झालेलं नव्हतं, भसाभस खायची सवय होती, तर त्यांनाही बाईंच्या समोर बसवून चावायला शिकवलं. लोक त्याला पाहिलं की डबा झाकू लागले.

दोन हजार आठच्या उन्हाळ्यात अंबाडीला माझ्या पुतण्याचं लग्न झालं. आमचं मूळ घर तिथलं. जनूला मी पहिल्या पंगतीत माझ्या शेजारी जागा राखून ठेवली होती. आता त्याला लपायचं कारण नव्हतं. पण त्याने आल्याआल्या भाताचं पातेलं उचललं आणि तो जेवला तो शेवटीच, आमच्या घरच्या बायकांबरोबर. मी म्हटलं, सवय जात नाही माणसाची.

दुसऱ्या दिवशी तो दुकानात आला. गिऱ्हाईक जाईपर्यंत थांबला, तेही नवलच. मग म्हणाला, "वैनी कवापासून अशा जेवतात?"

"कशा?"

"भाकर चहात बुडवून. घास नखाएवढा. गिलताना मान खाली घालतात आन डोले मिटतात. मटनाला हात न्हाय लावला त्यांनी. तांदूल निवडताना कच्चे तांदूल चघलत व्हत्या."

मी हसलो. लग्नात दमली असेल, म्हणालो. जनू हसला नाही.

"सोला वरसा झाली ना लग्नाला? त्यांना जेवताना तू कवा पायलंस का?"

मी पट्टी कापत होतो, कात्री थांबली. मी दीडला जेवायचो, शालन वाढायची. माझं झालं की मी काउंटरवर. मग ती जेवायची. रात्री तेच. अंबाडीला गेलो तर पुरुष आधी, बायका मागून. सोळा वर्षांत मी तिला पोळी लाटताना पाहिलं होतं, भांडी घासताना पाहिलं होतं. जेवताना, नाही.

मी पडदा बाजूला करून आत गेलो. ती चुलीपाशी, म्हणजे गॅसच्या ओट्याखाली, जमिनीवर बसली होती. समोर बशीत चहा आणि त्यात भाकरी. मला पाहून तिने बशी पदराआड घेतली, चोरी पकडल्यासारखी. हात पांढुरके, नखं मधे खोलगट झालेली. ती नखं काय आज झाली नव्हती.

"कधीपासून अडकतंय?"

"लय दिस झाले."

"सांगितलं का नाहीस?"

"इचारला कोनी?" ती म्हणाली. रागाने नव्हे. घरातलं मीठ संपलंय हे सांगावं तशी.

तो शब्द मग माझ्या घरात राहायला आला. दुर्बिणीच्या तपासणीला तीन दिवस होते आणि त्या तीन दिवसांत मी काय विकलं, कुणाला काय दिलं, मला आठवत नाही. जनू रोज येऊन स्टुलावर बसायचा आणि व्याख्यान देत नसे. तपासणीच्या दिवशी तो आमच्याबरोबर आला. डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, गाठ नाही. गळ्यात, अन्ननलिकेच्या वरच्या तोंडाशी, दुधावरच्या सायीसारखा पातळ पडदा तयार झाला होता, तो आम्ही ताणून मोकळा केला. रक्तात लोह वर्षानुवर्षं कमी पडलं की बायकांमध्ये असं होतं. कच्चे तांदूळ चघळावेसे वाटणं त्याचंच. अधूनमधून तपासणीला आणा आणि या गोळ्या द्या.

जनूने विचारलं, "म्हंजे आमच्यावानी न्हाय?" डॉक्टर म्हणाले, "नाही, यांचे स्नायू उत्तम आहेत." जनूला मनापासून आनंद झाला, पण आपल्या जातीचा पेशंट हातचा गेल्याचं थोडं दुःखही झालं असावं.

मी चिठ्ठी वाचली. लोहाच्या साध्या गोळ्या. संध्याकाळी दुकान उघडलं आणि न बघता हात वर केला तर पट्टी हातात आली, तिसरी फळी, डावीकडून दुसरा खण. मी त्या खणाची धूळ आठवड्याला पुसतो. त्या फळीच्या मागची भिंत ही आमच्या स्वयंपाकघराची भिंत आहे. शालन जिथे बसून चहात भाकरी बुडवायची तिथून त्या गोळ्या हातभर लांब होत्या. मी खाली बसलो आणि रडलो. मला स्वतःची जेवढी लाज त्या दिवशी वाटली तेवढी आधी कधी वाटली नव्हती आणि नंतरही नाही.

दुसऱ्या दिवशी दीडच्या ठोक्याला जनू आला. मला न विचारता त्याने शटर अर्धं ओढलं, चपला काढल्या आणि आत जाऊन पाटावर बसला. शालनने त्याला ताट वाढलं, मला वाढलं. त्याने घास मोडला नाही.

"वैनी, तुमचा ताट?"

"तुम्ही जेवा दादा. मी बसतंय मागनं."

"मागनं जेवून मी आठ वरसा घालवली," जनू म्हणाला. "तुमी बसल्याबिगर मी घास उचलनार न्हाय. आन माजा जेवन किती येल चालतो तुमाला ठाव हाय. भात गार व्हईल."

ती अवघडून बसली. भिंतीकडे तोंड करून, पण बसली. जनूचं जेवण पाऊण तास चाललं, बाहेर गिऱ्हाइकं शटर वाजवून गेली. जाताना तो मला म्हणाला, "उद्या मी न्हाय येनार. तूच ओढ शटर." तेव्हापासून मी ओढतोय.

पुढच्या वर्षी त्याच्या मुलीचं लग्न झालं. त्या लग्नानंतर तो मला भेटला नाही. पावसाळ्यात त्याच्या हृदयाने दगा दिला, मी गावाला होतो, परत आलो तेव्हा सगळं आटोपलेलं होतं. म्हणून तो माझ्या डोळ्यांपुढे येतो तो त्या मांडवातलाच.

मुलीचा बाप, तरी भाताचं पातेलं त्याच्याच हातात. नवा पांढरा सदरा, त्यावर रश्श्याचा डाग. पंगतीमागून पंगती उठल्या. मला तीनदा बोलावणं आलं, मी गेलो नाही. शेवटी बायकांची पंगत बसली आणि मी जाऊन तिच्या टोकाला बसलो. जनूने मला पाहिलं आणि माझ्या ताटात भात घातला. मग पातेलं ठेवून तो समोरच्या रांगेत बसला, पाठ ताठ करून. घासाला हात लावायच्या आधी त्याने रांगेवरून नजर फिरवली. त्याची धाकटी भावजय अजून डाव घेऊन उभी होती.

"डाव ठेव गं," तो म्हणाला. "बस."

ती बसली. मग त्याने घास मोडला, सावकाश चावला आणि गिळला. त्याच्या शेजारी पाण्याचा पेला काठोकाठ भरलेला होता, तो त्याने तसाच राहू दिला. माझ्या शेजारी शालन बसली होती. तिने तांदळाच्या भाकरीचा कोरडा तुकडा मोडला, त्यात मटणाचा तुकडा धरला आणि तोंडात घातला. डोळे उघडे, मान वर, पलीकडच्या बाईशी काहीतरी बोलत.

जनूने तिच्याकडे पाहिलं नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं.

"बगतोस ना, मेडिकल?"

मी बघत होतो.